मालकांचा विलायती बाजा

थाळी वाजली आन माज्या हातातलं दुपटं नळाखालीच सुटलं. थाळी आमच्याच खोलीत वाजत व्हती. पोरगी आत झोळीत एकटी निजलेली, आत्याबाई, म्हंजी माझी सासू, बाजारात गेलेल्या, आमचे हे कुपवाडला कारखान्यात, मग थाळी वाजवतंय कोण? मी तशीच वल्ल्या हातानं पळाले, उंबऱ्याला ठेच लागली, नख उलटलं ते मला दिवेलागणीला कळलं. आत बघते तर घरमालक. इस्त्रीचा बुशकोट, पायात बूट, बूट घालूनच माज्या घरात, एका हातात माझी पितळी थाळी, दुसऱ्या हातात उलथनं, आन पोरीच्या डोस्क्यामागं उभं राहून दणादणा वाजवत्यात. डोळं पोरीवर. मला वाटलं झालं, म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं, आता ते उलथनं पोरीवर पडतंय. मी वरडले. काय वरडले ते माझं मला म्हाईत न्हाई. बायका मागनं सांगत व्हत्या की मी "मारलं, माज्या पोरीला मारलं" असं वरडत व्हते.

आमच्याकडं थाळी कवा वाजवत्यात, तर बाळ जन्मलं तवा, न्हाईतर कुणाला साप चावला तर, त्याला झोप लागू नये म्हणून. माझी पोरगी तर बसाया लागलेली, तवा जन्माचा सवाल न्हाई. म्हणून सगळी गल्ली सापाच्या हिशोबानं आली. कोण काठी घिऊन, कोण कंदील घिऊन, भर दुपारी कंदील. समोरची तानूबाई मूठभर मिरच्या घिऊन आली, चावलेल्याला तिखट लागतंय का बघायला.

"कुणाला चावला गं? कुणाला?"

आन एवढ्या सगळ्यात पोरगी निजलेलीच.

ते मी बघितलं. मी वरडत व्हते, थाळी वाजत व्हती, बायकांचा गलका, आन तिची पापणी सुदीक हालली न्हाई. मालकांनी माज्याकडं बघितलं आन थाळी खाली ठिवली.

पुढं काय झालं ते सांगते. पण आदी मालक कोण ते सांगाया पायजे, न्हाईतर तुमी पण गल्लीगत काठ्या घिऊनच याल.

मालक मिलिटरीत, बँडमधी व्हते. सातारकडचे, माज्या माहेरच्याच अंगाचे, म्हणून तर तान्ह्या पोरीसकट आमाला खोली दिली. ती काळी लांब पिपाणी असती ना, क्लॅरनेट, ती वाजवायचे. लढाईत पार समुद्रापल्याड जाऊन आले, पण लढाईचं कवा बोलायचे न्हाईत, इचारलं तर म्हणायचे, "चिखल व्हता. आपल्याकडं बी हाय." पेन्शनीवर आल्यावर त्यानी सांगलीत वखारभागाच्या मागं चार खोल्या बांधल्या. एकीत आपण, दोनात भाडेकरू, आन एकीत बाजा. नुसता बाजा. रेकार्डी लावायचं मशीन, त्याचं दोन लाकडी पेटारं आवाज यायला, आन एक लोखंडी खुर्ची. आत्याबाई म्हणायच्या, "माणसास्नी हितं पाय पसराया जागा न्हाई आन ह्येच्या बाजाला आख्खी खोली. बाजा काय बाळंत व्हणार हाय काय?"

मालकीणबाई गावी शेतावर. सणाला यायच्या. मला म्हणाल्या, "सवत असती तर एकवेळ नांदले असते गं. ती जेवताना तरी गप बसली असती."

आता तो बाजा म्हंजी रेडिओवरची गाणी असती तर कोण काय बोललं असतं? तशी न्हवती ती. मालकांनी पुण्याला कॅम्पात एका सायबाचं सामान इकाया निघालेलं तवा खोकंभर रेकार्डी उचलल्या. वरनं बघितलं तर विलायती आर्केस्ट्रा, त्याना वाटलं कवायतीची बँडची गाणी असतील. घरी आणून लावली. म्हणाले, "पोरी, मला वाटलं तबकडी उन्हानं वाकडी झाली." रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं सुई बदलली, परत लावली, कान लावून ऐकलं आन म्हणला, "आण्णा, मशीन झकास हाय. गाणंच बिघडलंय."

दुसरा कुणी असता तर त्या खोक्यावर पितळी डबं ठिवलं असतं. मालकांनी इचार केला. ते मला असं सांगायचे, बोट वर करून, "बँडात एक माणूस चुकतो. दोघं चुकत्यात. पण शंभर माणसं एका दमात चुकत न्हाईत. म्हंजी तसा हुकूम हाय. आन हुकूम हाय तर त्याच्यामागं कायतरी असणार. ते काय ते मला ऐकायचंय."

तर ते ऐकायचे. रोज. दुपारचा च्या झाला की दाढी, इस्त्रीचा बुशकोट, बुटाला पालिश. हात साबणानं धुवायचे, पुसायचे, मग रेकार्डीला कडंनं धरायचे, गरम भाकरी धरत्यात तशी. लावून खुर्चीत ताठ बसायचे, हात गुडघ्यावर. मान डोलवायची न्हाई, पाय हालवायचा न्हाई. माशी बसली तरी हाकलायची न्हाई. मधीच लाईट गेली की तो आवाज रेड्यागत हंबरत हंबरत खाली जायचा आन बंद. मालक तसंच बसून. लाईट आली की सुई परत पैल्यापास्नं. मी म्हणलं, "आवं मालक, ऱ्हायलेलं तेवढंच लावा की." तर म्हणले, "परेड मधनं सुरू होत न्हाई."

कसं व्हतं ते गाणं? मला काय सांगता येतंय, मी सातवीतनं काढलेली. पण रोज ऐकलंय म्हणून सांगते. एक रेकार्ड अशी की आग्या मोहळ उठल्यागत नुसती घूं घूं, आन त्यातली प्रत्येक माशी येगळ्या वाटंनं निघालेली. एकात वंगण न घातलेल्या गाडीचं चाक. एकात कायच न्हाई, कायच न्हाई, तुमाला वाटतंय संपलं, तुमी भाताचं झाकण काढायला हात पुढं करता, आन तवाच असा ढोल पडतो की फळीवरनं सगळी भांडी कोसळल्यावानी. माझा तांब्या कितींदा पडला असंल. मांजर तर आमचं घरच सोडून गेलं.

आन एकात भोंगा. खरा, गिरणीचा असतो तसा, खालनं वर चढत जाणारा. ती रेकार्ड पैल्यांदा लावली त्या दिशी तानूबाईचा नवरा दुसऱ्या पाळीचा. तिनं भोंगा ऐकला, निजलेल्या नवऱ्याला उठवलं, "आवं उठा, भोंगा झाला, खाडा लागंल," डबा हातात कोंबला, तो बिचारा सदऱ्याची बटणं लावत पळाला. गिरणीच्या फाटकावर जाऊन बघतो तर चिटपाखरू न्हाई. वॉचमन म्हणला, "काय, बायकूनं हाकलला काय?" तानूबाई कमरंला पदर खोचून मालकांच्या दारात आली.

"आण्णा, तुमच्या बाजात गिरणी कशापाय पायजे?"

मालक मोठ्या इचारानं म्हणाले, "त्येच तर मी हुडकतोय, तानूबाई."

भांडायला आलेल्या बाईनं खोचलेला पदर सोडला. ती गेली. पण तवापास्नं गल्लीत असं झालं की भोंगा झाला की पैल्यांदा बाया मालकांच्या खिडकीकडं बघायच्या, मग नवऱ्याला उठवायच्या.

मला त्यानी एकदा बोलावलं. मी पाट्यावर चटणी वाटत व्हते, बाजा चालू झाला म्हणून मी वरवंटा थांबवला, तसा नेमच व्हता. तर मालक दारात. मला वाटलं आता बोलणी खाते. म्हणले, "थांबू नगं. वाट. आन ऐक." मी वाटत ऱ्हायले. तर त्या रेकार्डीत पण तसाच, दगडावर दगड घासल्यागत आवाज. माझा आन त्येचा. मी हसले. मालक हसले न्हाईत, पण मान हालवली, तेवढीच एकदा हाललेली मी बघितली. मी इचारलं, "मालक, तुमाला आवडतंय का हो हे?" तर म्हणले, "आवडलं का ते मी माझं मलाच इचारत न्हाई. ऐकलं का, येवढंच इचारतो."

खरं सांगते, मला त्यातलं एक ठिकाण आवडाया लागलं व्हतं. सगळा दंगा झाल्यावर एकच बासरीगत आवाज यायचा, बारीक, कुणीतरी लांबच्या मळ्यातनं हाक मारल्यावानी. मी त्याची वाट बघायचे. कुणाला बोलले न्हाई. आत्याबाईनी ऐकलं असतं तर मला अंगारा लावला असता.

पोरीची झोळी मी आमच्या खोलीत टांगायचे, बाजाच्या खोलीच्या भिंतीला लागून, तिथं वारं यायचं. ढोल पडायचा, मी दचकायचे, तानूबाई आपल्या घरात दचकायची, पोरगी निवांत. सगळ्या बाया कवतिक करायच्या. "काय गुणाचं पोर गं. बाजाची सवय लागली बघ." मी पण मिरवायचे. मिरवायचे खरी, पण मी मागनं हाक मारली तर ती बघायची न्हाई, पुढं आले की दोन्ही हात पसरून हसायची, हे मला दिसत व्हतं. मनात आलं की मी उठून कायतरी काम काढायचे.

मालक मात्र रोज इचाराया लागले, "पोरगी उठली का?" बाजा झाला की पैला सवाल, "उठली का?" मला राग यायचा. निजलंय लेकरू, निजू द्या की. एकदा म्हणाले, "पोरी, बाजा रोजचाच, त्येची सवय असंल. एकदा थाळी वाजवून बघू." मी फाडकन बोलले, "माज्या पोरीला काय झालंय वो? तुमचा बाजा बघा तुमी." ते गप गेले. आन मग दोन-चार दिसांनी, मी नळावर असताना, ते आपले आपणच आत शिरले.

तर त्या दुपारी. दारात सगळी गल्ली, मालकांच्या अंगावर धावून गेलेला तानूबाईचा नवरा, त्येनं मालकांची कॉलर धरलेली. मालक हात खाली सोडून उभं. आन तेवढ्यात आत्याबाई बाजारातनं आल्या, पिशवीतनं मेथी बाहेर आलेली. गर्दी बाजूला करत आत आल्या.

"काय झालं? म्हातारा हितं काय करतोय?"

मालक मलाच म्हणले, हळू, "बघितलंस न्हवं? उठली न्हाई."

मी मान हालवली असंल. आत्याबाईनी ऐकलं. त्या लय हुशार बाई, त्याना एक शब्द पुरतो. त्यानी पिशवी ठिवली, थाळी उचलली, उलथनं घेतलं आन पोरीच्या कानाजवळ असं काय वाजवलं की बायांनी कानावर हात घेतलं. पोरगी निजलेली. मग आत्याबाईनी तिच्या पायाला नुसतं बोट लावलं. टपकन डोळं उघडलं आन आज्जीला बघून हसली.

तानूबाईच्या नवऱ्यानं कॉलर सोडली.

आत्याबाई माज्याकडं वळल्या. "तुज्या माहेरात कोण भैरं हाय?"

"कुणी न्हाई, आत्याबाई."

"आमच्यात तर कुणी न्हाईच न्हाई. मग हे आणलं कुठनं? फसवलं आमाला तुज्या बापानं. तरी मी म्हणत व्हते, इस्लामपूरची पोरगी करा, वळखीची." तवर पाळी सुटून आमचे हे आलेले, ते सायकलला हात धरूनच दारात उभं. आत्याबाई त्याना म्हणल्या, "बघ रं, बघ तुझं लेकरू. आता हिला आन हिच्या लेकीला गाडीत बसव आन सातारला सोडून ये. मागचं मागं मी बघते काय करायचं ते."

मागचं मागं म्हंजी काय ते गल्लीतल्या प्रत्येक बाईला कळलं. दुसरी बघायची, त्यात काय अवघड. हे काय बोलले न्हाईत. सायकलची घंटी हाताखाली आली असंल, ती वाजली, आन ते दचकले.

आन तवा मालक बोलले. मोठ्यानं, परेडीवर बोलत्यात तसं.

"तिचा काय दोष न्हाई. माज्या बाजानं झालं."

सगळी माणसं वळली.

"भिंतीला लागून झोळी. रोज ढोल, रोज भोंगा. कवळं कान, फुटलं. मला शक आला म्हणून थाळी वाजवून बघितली. दोष माझा हाय."

मग काय. गल्लीला तेच पायजे व्हतं. आत्याबाईना पण. आमच्या ह्यांच्या तोंडावर रंग आला, खोटं कशाला सांगू. जे ते मालकांना बोलाया लागलं, इतक्या दिसांचं साठलेलं, तानूबाईनं तर भोंग्याचं पण काढलं. आत्याबाईनी त्याना असल्या शिव्या दिल्या की मला ऐकवंनात, आन मालक गुडघ्यावर हात न्हवते एवढंच, बाकी तसंच ताठ, ऐकत.

आमी त्या आठवड्यातच खोली सोडली. ट्रंक टांग्यात चढवताना मालक फाटकापाशी आले, हात लावाया. हे पुढं टांगेवाल्याशी बोलत व्हते. मालक मला म्हणले, "ही ट्रंक. तुमी आला त्या दिशी ही फरशीवर पडली, माज्या खोलीत मी उठून उभा ऱ्हायलो. दारातनं बघितलं तर पोरगी तुज्या खांद्यावर निजलेली, हालली न्हाई. तवा बाजा कुठं ऐकला व्हता तिनं?"

मी म्हणलं, "आवं, मग तुमी असं का म्हणलात?"

"मला कोण हाकलणार हाय? घर माझंच हाय."

टांगा निघाला. "मिरजंला मोठ्या दवाखान्यात दाखव तिला," एवढं मागनं वरडले.

त्याला आता वर्ष होत आलं. आमी विश्रामबागंकडं ऱ्हातो. तानूबाई मधी मंडईत भेटली. म्हणाली, मालकांनी बाजा बंद केला, त्या दिसापास्नं एकदा लावला न्हाई. मशीन बिघडलं का इचारलं तर म्हणले, "बाजानं पोरीचं कान गेलं म्हणायचं आन बाजा चालूच ठिवायचा, मग कोण खरं मानंल?" आमच्या खोलीला भाडेकरू मिळत न्हाई, लेकुरवाळी बाई तर त्या दारावरनं पदर ओढून पुढं जाती. दुपारचं मालक अजून दाढी करत्यात म्हणं, बूट घालत्यात, आन सोप्यात बसत्यात. तानूबाई म्हणाली, "लय सुनं वाटतंय गं गल्लीत. मेला तो भोंगा सुदीक आठवतो." बोलली आन लगेच म्हणाली, "पण तुज्या पोरीचं वाटुळं केलं त्येनं."

मी भाजी घेतली आन आले.

परवा हे आन आत्याबाई आन मी, पोरीला मिरजंला घिऊन गेलो. डॉक्टरीणबाई, वयस्कर, चष्म्यावाली. आत्याबाईनी सगळं बाजाचं सांगितलं, ढोल, भोंगा, भिंत. डॉक्टरीणबाई पोरीच्या कानात बघत बघतच म्हणाल्या, "शेजारच्या खोलीतल्या गाण्यानं असं होत नाही हो आजी. हे जन्मापासूनचं दिसतंय." आत्याबाई खुर्चीत पुढं सरकल्या. मग डॉक्टरीणबाईनी मला इचारलं, "ही पोटात असताना, सुरुवातीच्या महिन्यांत, तुला ताप येऊन अंगावर पुरळ उठलं होतं का? बारीक, लाल? नीट आठवून सांग. त्याचं असेल तर आम्हाला हिचे डोळे आणि काळीजसुद्धा तपासावं लागेल."

तेवढ्यात नर्स बोलवाया आली आन त्या उठल्या. सोमवारी या म्हणल्या, तवा नक्की सांगा.

आलं व्हतं. दिवस गेल्यावर मी माहेरी गेले, आत्याबाई नगं म्हणत असताना, आईचं तोंड बघायला. तिथं अंगभर उठलं. आईनं देवी आली म्हणून अंथरुणाखाली लिंबाचा पाला घातला, दवा न्हाई की डॉक्टर न्हाई, आन देवी गेल्यावर म्हणाली, हे सासरी बोलू नगं, तिचा मान असतो. दोन दिसांत उतरलं. मी इसरून पण गेले व्हते.

आता हो म्हणलं तर आत्याबाई माज्या आईला सोडायच्या न्हाईत, मला तर न्हाईच, आन ह्यांचं काय, ते त्या दिशी पण बोलले न्हाईत. पोरीला घिऊन मी जाऊ कुठं? आन न्हाई म्हणलं तर डॉक्टरीणबाई पोरीचं डोळं, काळीज बघणार न्हाईत, आत्याबाई परत बाजाचंच धरून बसणार, आन तिकडं मालक दाढी करून, बूट घालून, गप सोप्यात बसून ऱ्हाणार, मरंपातूर.

मिरजंच्या स्टँडवर आत्याबाई पाणी प्यायला गेल्या तवा ह्यानी मला इचारलं, पैल्यांदाच, माज्याकडं न बघता, "आलतं का गं तुला तसलं काय?"

मी म्हणलं, "बस आली."

उद्या सोमवार हाय. पोरगी हितं माज्या मांडीवर खेळतीया, माज्या बांगड्या वढतीया. मला काय सुचंना झालंय, म्हणून इचारते, राग मानू नगा. तुमी माज्या जागी असता तर काय केलं असतं?